चाफ्याखालच्या घराचा नंबर

गावपळणीहून परत आलो त्या दिवशी, गुरं अजून दावणीला लागली नव्हती तेवढ्यात भटजींच्या घरचा फोन वाजला आणि पलीकडून कोणीतरी मासळीची चौकशी केली, "पेडवे इले काय गो?"

भटजी फोन ठेवून तडक माझ्या अंगणात आले. त्यांच्या मागून सत्यवान. त्याने भाताच्या गिरणीला फोन लावला होता, तो देवळात वाजला. मग बघता बघता अंगणात जत्रा जमली. कोणाचा फोन कोणाच्या सासूने उचलला होता, कोणाला भलत्याच घरच्या भानगडी ऐकू आल्या होत्या.

"भाई, तुझ्या वायरीक काय झाला रे?" सत्यवानाने विचारलं.

"वायर बरी आसा," मी म्हटलं. "तुमीच थय खोपीत काय खाऊन इलास ता बघा."

तोंडाने असं म्हणालो खरं, पण खापर त्यांच्यावर फोडण्यात अर्थ नव्हता. चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. आणि आज तिन्हीसांजेच्या आत ती सुधारली नाही, तर एका बाईची फार लाज जाणार होती, हेही कळलं होतं.

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या खाजणवाडीत दर चार-पाच वर्षांनी, मार्गशीर्षात, रवळनाथाचा कौल घेऊन सगळा गाव वेशीबाहेर राहायला जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या आणि कुत्रीही जातात. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. आम्ही बाहेर माडाच्या झापांच्या खोपी घालतो, भजनं म्हणतो, एकमेकांच्या हातचं खातो आणि देवाने परत कौल दिला की घरी येतो. का जायचं, असं लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सगळे जातत म्हणान." यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता वायरीबद्दल. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेली. मोकळा झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून गावातल्या गावात एक जाळं ओढलं. घरोघर एक डबा, डब्याला एक फोन, आणि या सगळ्यांचा कारभारी म्हणून माझ्या पडवीत एक लहानसा सर्व्हर. त्याला कामं दोनच. जो डबा जागा होईल त्याला एक नंबर द्यायचा, हे पहिलं. आणि कोणी घराचं नाव दाबलं की त्या नावाचा नंबर शोधून द्यायचा, हे दुसरं. माणसाला नंबर लक्षात राहत नाही आणि यंत्राला नाव कळत नाही, त्यामुळे मध्ये कोणीतरी दुभाषी लागतो. नावं मी आपली गावचीच घातली. व्हाळाकडचं, माडातलं, वरचं घर, चाफ्याखालचं. आडनावाने आमच्याकडे कोणी सापडत नाही, अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे.

हे दुभाष्याचं काम माझ्या आधी गुणाजी करत असे, आणि त्याला वीजसुद्धा लागत नसे.

गुणाजीचं दुकान होतं आणि गावातला पहिला फोन त्याच्या ओटीवर होता. तो मीच जोडला, तेव्हा मी नोकरीला नवा होतो. मुंबईहून कोणीतरी म्हणायचं, "बाबल्याक बोलवा." गावात बाबले पैशाला पासरी. गुणाजी विचारायचा, "खंयचो बाबलो?" विहिरीकडचा, असं कळलं की म्हणायचा, "ठेव फोन, वायच दमान परत लाव." मग बाहेर येऊन दारातल्या चाफ्याखाली उभा राहायचा आणि तोंडाला हात लावून असा कुकारा घालायचा की मळ्यातले बगळे उठायचे. "विहिरीकडच्यानूऽऽ, फोन इलोऽऽ!" त्याचा आवाज जिथे पोचत नसे तिथे मधल्या घराने हाक पुढे द्यायची, असा रिवाज होता. आपल्याला नको असलेली हाकही पुढे द्यायची, त्यात कुचराई चालत नसे. माझी मुलगी वर्षाली कणकवलीला एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळते. ती म्हणते, जगातले सगळे मोठे सर्व्हर हेच करतात, आपल्याला नाव माहीत नसेल तर पुढच्याला विचारतात. मी म्हणतो, करत असतील, पण त्यांच्या हाकेला बगळे उठत नाहीत.

गुणाजी दुकानात नसला की त्याची बायको फोन घ्यायची. रुक्मिणीवहिनी. तिला कुकारा जमत नसे, ती ताट वाजवायची. संध्याकाळी दर उतरले की मुंबईचे फोन सुरू व्हायचे, आणि तोवर वहिनीचा दिवा लावून झालेला असायचा. त्या घराच्या ओटीवर गावाने लग्नं ठरलेली ऐकली आणि माणसं गेलेलीही ऐकली. वाईट बातमी असली की वहिनी आधी त्या माणसाला आत बोलावून पाणी द्यायची. त्यामुळे वहिनीने पाणी पुढे केलं की माणसं आधीच रडायला लागायची. किती सुंदर दिवस होते ते, असं मी म्हटलं की वर्षाली हसते. हसू दे.

माझ्या जाळ्यातला पहिला डबा मी गुणाजीच्याच घरात लावला. नव्या फोनची पिपाणी ऐकून तो म्हणाला, "ह्यो फोन वाजता की पोरगा रडता?" म्हणून त्याच्या हट्टापायी खात्याच्या जुन्या फोनची पितळी घंटी त्या डब्याला जोडून दिली. ती तो पुढे वर्षभरच ऐकू शकला. गुणाजी गेला आणि चंदन, त्याचा मुलगा, आईला सावंतवाडीला घेऊन गेला. घर बंद झालं. किल्ली माझ्याकडे आली. डबा मी चालूच ठेवला, कारण तो बंद करायला माझा हात होईना.

काही महिन्यांनी सर्व्हरच्या पडद्यावर एक गोष्ट दिसली. कोणी कोणतं नाव विचारलं, त्याची एकेक ओळ तिथे उमटते. रोज तिन्हीसांजेला कोणीतरी चाफ्याखालचं घर विचारत होतं. विचारणारा मोबाइल वहिनीचा होता. गावातल्या बायकांशी बोलता यावं म्हणून मीच तिला ते ॲप घालून दिलं होतं, बाहेरगावाहूनही त्यातून आमच्या वायरीत शिरता येतं. पण ती बायकांशी बोलत नव्हती. आपल्याच बंद घराला फोन लावत होती.

आमचं घर मळ्याच्या अल्याड. दिवस मावळून आवाज निवले की ती पितळी घंटी आमच्या अंगणात ऐकू यायची. पुरी वाजायची आणि दमून थांबायची. प्रेमलता, माझी बायको, हातातलं काम थांबवून म्हणायची, "वयनी इली." एवढंच. आम्ही दोघांनी हे कोणाला सांगितलं नाही, वर्षालीलासुद्धा नाही. शेजारच्या सत्यवानाने विचारलं तेव्हा, वायर तपासायला मीच वाजवतो, असं ठोकून दिलं. आमचा गाव दयाळू आहे, पण दया येण्याआधी तो चर्चा करतो. गुणाजीची बायको रिकाम्या घराला फोन लावते, हे एकदा चव्हाट्यावर आलं असतं तर वहिनीने पुन्हा कधी लावला नसता.

आणि आता माझी चूक. नंबर डब्याला कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. डबा चालू असेपर्यंत मुदत वाढवून घेतो. एखाद्या घराची वीज गेली तर सर्व्हरला त्याचा नंबर आठवतो, आणि सर्व्हर अडखळला तर डबे आपापला नंबर धरून बसतात. एक विसरला तर दुसऱ्याला आठवतं. तेव्हा वर्षाली सांगत होती तसे नंबर डब्यांना बांधून ठेवायची मला गरज वाटली नाही. आमच्या गावात घराला कुलूप लागलं तरी मीटर बंद होत नाही. सगळी घरं एका वेळी झोपणार कधी?

गावपळणीत झोपतात. गेल्या गावपळणीला ही वायर नव्हती, म्हणून ते ध्यानातच आलं नाही. उलट मोठ्या भक्तीने मी घरोघर सांगत फिरलो, डबे बंद करा, गावात काही जागं राहता कामा नये. सर्व्हर बॅटरीसकट बंद केला आणि वर नारळ ठेवला. गुणाजीच्या घरी जाऊन तिथला मेन स्विचही स्वतः खाली ओढला. परत आल्यावर दोघांनाही काही आठवत नव्हतं, जो डबा आधी उठला त्याने पहिला नंबर घेतला. नावं मात्र मी पूर्वी हाताने लिहिलेल्या जुन्या नंबरांपुढेच होती. सगळा गाव आपापल्या घरात, आणि हाका सगळ्या शेजाऱ्याला.

वर्षाली गावपळणीसाठी रजा काढून आली होती. तिने पडवीत लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे बघितलं. आईसारखं बघते ती.

"बाबा, मी तुमका मे महिन्यात सांगल्लंय, नंबर बांधून घाला म्हणान."

"घरा काय चलत जातत? म्हटलंय, बांधूचा कशाक?"

"घरा जातत नाय. पण तुमी मशीनाक पण गावपळणीक धाडलास." मग तिला हसू आवरेना. "आमच्या कॉलेजात सांगलंय तर कोणाक खरा वाटाचा नाय."

उपाय तिलाच माहीत होता. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली त्याचा जन्माचा नंबर छापलेला असतो, तो बदलत नाही. मी घरोघर जाऊन त्याचा फोटो पाठवायचा आणि तिने त्या डब्याला त्याचा जुना नंबर कायमचा बांधून टाकायचा. काम सोपं होतं. पण गावपळणीहून नुकत्याच परतलेल्या गावात घाई करून दाखवा बघू कोणी. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात खोपीतल्या भजनाची उजळणी. एका घरात तर डब्यावर कोंबडी बसली होती आणि ती उठेपर्यंत मला बसवून ठेवलं. मी एकदोघांवर डाफरलो, तर म्हणाले, भाईक खोपीतली थंडी सोसली नाय.

ऊन कलायला लागलं तेव्हा वर्षालीचा मोबाइलवर फोन आला.

"बाबा, चाफ्याखालच्याचो नंबर सत्यवानकाकाच्या डब्यान घेतल्यान. मी ता चाफ्याखालचा नाव काढून टाकतंय. बंद घर आसा."

"हात लाव नको."

"मुदत संपली की नंबर सोडूचो लागता, बाबा. नियम आसा."

"नियम तुझ्या कॉलेजात," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

नाव काढलं असतं तर वहिनीचा फोन वाजलाच नसता, आणि तिला वाटलं असतं आम्ही तिचं घर तोडून टाकलं. नाव ठेवलं तर तो सत्यवानाच्या घरात वाजणार होता, आणि तिथे गाव जमलेला असला तर संपलंच. एकच रस्ता होता. गुणाजीच्या घरी जाऊन डबा जागा करायचा आणि त्याचा फोटो वर्षालीला पाठवायचा, तेही तिन्हीसांजेच्या आत. मी किल्ली घेऊन मळ्यातून निघालो. या वयात बांधावरून पळणं शोभत नाही, तरी पळालो.

सत्यवानाचं घर गुणाजीच्या घराला लागून. मी त्याच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, पोचलो आणि आत पिपाणी वाजली. घरातली सगळी देवळात गेली होती. ओटीवर एकटी त्याची सून होती, दिव्या. वैशाखात लग्न होऊन वेंगुर्ल्याकडून आलेली पोर, गावातले आवाज अजून ओळखत नाही. तिच्या हातात काड्यापेटी होती. मी हात वर केला, पण तिने फोन उचललाही.

"हॅलो... व्हय... व्हय, आताच लायलंय." मग थोडं थांबून, "तुळशीकडे आधी लायलंय, मगे देवाकडे... नाय, तेल आसा. बरां."

तिने फोन ठेवला आणि मला बघून पदर सारखा केला.

"कोणाचो गो फोन?" मी विचारलं. 

"म्हायत नाय, भाईकाका. म्हातारी कोणतरी. मी हॅलो म्हटलंय तर वायच गप ऱ्हवली. मगे इचारल्यानी, दिवो लायलंस मां? माका वाटला, मामींपैकी कोणतरी असतली."

"आणि?"

"मगे म्हणाली, बरां झाला गो बाय. आणि ठेवल्यानी."

मी बेड्याचा वासा धरून उभा राहिलो. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली? इतके महिने ती घंटी ऐकत होतो आणि वहिनीला काय विचारायचं असतं, ते मला आज कळलं.

गुणाजीचं कुलूप उघडून आत गेलो. स्विचवर हात ठेवला. वर केला असता तर सगळं जागच्या जागी आलं असतं, घंटी पूर्वीसारखी वाजली असती आणि पूर्वीसारखी दमून थांबली असती. मी हात काढला, ओटीवर जरा बसलो आणि घरी आलो.

पडवीत पाय ठेवला तर माझा मोबाइल वाजला. वहिनीच होती.

"भाई, माझ्या घरान आज जाप दिल्यान. हाकेक ओ दिल्यान."

"वयनी, माझी चूक झाली. गावपळणीत नंबर..."

"माका म्हायत आसा रे. मी फोनवाल्या घरातली. चुकीचो लागलेलो फोन माका कळणा नाय?" ती थोडी हसल्यासारखी वाटली. "तीन दिस मी लावक नाय. सगळो गाव भायर, मगे घर तरी भुतूर कशाक ऱ्हवात? आज म्हटलंय, परत इला काय बघूया. कोणाचा रे चेडू ता?"

"सत्यवानाची सून. दिव्या."

"गोड बोलता. तुळशीकडे आधी लायता." पलीकडून सावंतवाडीच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. "भाई, सुधारलंस काय रे तो नंबर?"

"अजून नाय."

"मगे ऱ्हवांदे."

वर्षाली लॅपटॉपवरून मान वर करून बघत होती. मी तिला सगळं सांगितलं, ती रोजची ओळ दाखवली. मला वाटलं, आता नियम सांगेल. तिने नाक ओढलं आणि टाइप करायला लागली.

"एका नंबराक दोन नावा चलतत, बाबा," ती म्हणाली. "आमी तेका टोपणनाव म्हणतो. सत्यवानकाकाचा घर आणि चाफ्याखालचा, दोनय एकाच डब्याक बांधलंय. आता परत गाव पळालो तरी सुटाचा नाय."

"मगे ही चूक नाय?"

"नाय. बरोबर आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुणाजीच्या घरातली पितळी घंटी सोडवली आणि सत्यवानाच्या डब्याला जोडली. घंटी काढल्यावर ते घर फार गप वाटलं, मला तिथे उभं राहवेना. सत्यवान म्हणाला, "मेल्या, कान फाटतले आमचे." मी म्हटलं, गुणाजीची आठवण आहे, सोस. दिव्याला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं, ती शेजारची रुक्मिणीकाकी, संध्याकाळी विचारील तर सांग. ती म्हणाली, "त्येत काय, मी लायतंयच." आणि यातलं ती अजूनपर्यंत कोणाला बोललेली नाही.

त्या संध्याकाळी गुरं आली, आवाज निवले. प्रेमलता तांदूळ निवडत होती, तिचा हात सवयीने थांबला. मळ्यापलीकडून घंटी वाजायला लागली. नेहमीची पितळी घंटी. आम्ही दोघं ती पुरी वाजून संपायची वाट बघत होतो, आणि ती मध्येच थांबली.

"उचलल्यान," प्रेमलता म्हणाली.